माप चुकतं ते कपड्याचं, आपलं नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

तव्यावर भाकरी असेल तर ती आधी उलटा, मग ऐका. मी काही शिकलेली वक्ता नाही. बावीस वर्षं शिलाई मशीन चालवते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, परकर, शाळेचे गणवेश, पिको-फॉल, जे येईल ते. आज मात्र मी कपडा कसा शिवायचा ते सांगायला आले नाही. दुकानात टांगलेला तयार कपडा आपल्याला का बसत नाही, आणि तो बसला नाही की आपण स्वतःलाच का बोल लावतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात घरातल्याच गोष्टीने करते. माझ्या पुतणीला गेल्या वर्षी तालुक्याला एका दवाखान्यात काम लागलं. पोरगी गुणी, बारावी करून पुढचा कोर्स केलेली. कामावर जायला दोन-तीन चांगले कुर्ते आणि पँट हव्यात म्हणाली. मी म्हटलं, मी शिवून देते. ती म्हणाली, "काकू, दोन तू शिव, पण एक तरी दुकानातला घेऊ दे ना." बरोबरच आहे. पहिल्या पगाराची हौस असते. मी, माझी जाऊ आणि ती, तिघी एसटीने शहरात गेलो.

पहिल्या दुकानात तिला 'एम' बसला. दुसऱ्या दुकानात 'एम' काय, 'एक्सएल' सुद्धा दंडातून वर जाईना. तिथली मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "ताई, तुम्हाला डबल एक्सएल लागेल." तिसरं दुकान मोठं होतं, काचेचं, एसीचं. तिथं 'एस' सुद्धा सैल झाला! एकाच दिवसात, दोन तासांत, एकच पोरगी लहानही झाली, मोठीही झाली. सकाळी घरून निघाली तेवढीच ती संध्याकाळी होती. एक वडापाव काय तो जास्त खाल्लेला.

मलाही एक कुर्ता बघू म्हटलं. माझी उंची ४ फूट ९ इंच. जो कुर्ता घालावा त्याची बाही बोटांच्या पुढे, खांदा दंडावर आणि कंबर मांडीवर. दुकानातला पोरगा मला म्हणाला, "मावशी, तुम्ही लहान मुलींच्या विभागात बघा." मी त्रेचाळीस वर्षांची बाई. तिथं गेले तर छातीवर ससा काढलेला झगा! आम्ही तिघी खूप हसलो.

पण परतीच्या एसटीत पुतणी हसत नव्हती. खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाली, "काकू, मी फार जाड झालेय का गं?" त्या दिवसापासून तिने रात्रीची भाकरी सोडली. सकाळी नुसता चहा. पंधरा दिवसांनी जाऊ माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. पोरगी कामावर चक्कर येऊन बसली होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे सत्तावन्न जणींना रक्ताची कमतरता आहे, हे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. आधीच अंगात रक्त नाही, त्यात एका चिठ्ठीवरच्या अक्षरासाठी पोरगी जेवण सोडते. म्हणून मी आज इथं बसले आहे.

तर बायांनो, ती चिठ्ठी म्हणजे काय ते आधी समजून घेऊ.

वजनाचा किलो सगळीकडे एकच असतो. किराणा दुकानातला किलो आणि बाजारातला किलो वेगळा निघाला तर आपण भांडतो. लिटर एक, मीटर एक. पण कपड्यावरचा 'एम' किंवा 'एल' हे माप नव्हे. ते ज्याने कपडा बनवला त्याने लावलेलं नाव आहे. एकाचा 'एम' छातीला ३६ इंच, दुसऱ्याचा ३८, तिसऱ्याचा ४०. त्यातही एक गोम आहे. कुणी अंगाचं माप लिहितो, कुणी कपड्याचं. ३८ लिहिलेला कुर्ता म्हणजे ३८ छातीच्या बाईसाठी, की कुर्ताच मोजला तर ३८ भरतो? यातच दोन-चार इंचांचा फरक पडतो.

आपल्या आज्या-पणज्यांना हा ताप नव्हता. नऊवारीला नंबर नसतो, सहावारीला नसतो. तेच लुगडं सासूला होतं आणि सुनेलाही होतं. बाळंतपणात अंग वाढलं तर निऱ्या कमी पडतात, उतरलं तर दोन जास्त. चोळी तेवढी मापाची, आणि ती घरात किंवा शिंप्याकडे बेतून व्हायची. कपडा अंगाकडे बघून होत होता. तयार कपडा आला आणि उलटं झालं. कपडा आधीच ठरलेला, आता अंगाने त्यात मावायचं.

हे नंबर आले कुठून, तेही सांगते. १९३९-४० मध्ये अमेरिकेत सरकारच्या शेती खात्यातल्या रूथ ओ'ब्रायन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली. एकेका बाईची पन्नासहून जास्त मापं. पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. पुढे टपालाने कपडे विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीच सरकारकडे मागणी केली, की एक ठरलेलं कोष्टक द्या, कारण न बसलेले कपडे परत येत होते. त्यातून १९५८ मध्ये तिथं सरकारी कोष्टक निघालं. त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच.

पुढे व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकाला लहान नंबर बसला की ती खूश होते आणि खूश झाली की घेऊन जाते. मग कपडा थोडा मोठा करायचा आणि वर नंबर तोच ठेवायचा. पुन्हा मोठा करायचा, पुन्हा नंबर तोच. १९८३ मध्ये सरकारने ते कोष्टक मागे घेतलं आणि ज्याला त्याला रान मोकळं झालं. आज तिकडे ८ नंबर म्हणून मिळणारा कपडा जवळजवळ १९५८ च्या १६ नंबराएवढा असतो. याला तिकडे 'व्हॅनिटी सायझिंग' म्हणतात. मी त्याला गोडबोलं माप म्हणते. दुकानदार तोंडाने गोड बोलतो ते आपल्याला कळतं, चिठ्ठीने गोड बोलतो ते कळत नाही.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हा आहेत. एसीच्या दुकानात मोठा कपडा आणि लहान अक्षर, म्हणजे गिऱ्हाईक खूश. आठवडी बाजारात उलटं. तिथं स्वस्तात विकायचं असतं, मग कापड वाचवायला छातीत अर्धा इंच काढ, बगलेत अर्धा इंच काढ, आणि चिठ्ठी मात्र 'एक्सएल'. माझ्या पुतणीला एकाने खोटं लहान केलं आणि दुसऱ्याने खोटं मोठं. दोघांनाही तिच्या अंगाशी काही देणंघेणं नव्हतं.

आता बुटक्या बायकांची गोष्ट, म्हणजे माझी. कपड्याच्या धंद्यात 'पेटीट' असा शब्द आहे. बुटक्या बायकांसाठी वेगळं बेतलेला कपडा असा त्याचा अर्थ. बारीक बाईसाठी नव्हे, हे लक्षात ठेवा. बुटकी बाई जाडही असू शकते. अमेरिकेत हॅना ट्रॉय नावाच्या एक कपडे बेतणाऱ्या बाई होत्या. १९४० च्या दशकात त्यांनी लष्करात भरती झालेल्या बायकांची मापं तपासली. पुष्कळ बायकांचं खांद्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर दुकानातल्या कपड्यांपेक्षा कमी आहे, असं त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी वेगळी मापं बेतली. तिकडे साधारण ५ फूट ४ इंचांच्या खालची बाई पेटीट धरतात.

आता आपल्या गटाच्या बैठकीत नजर फिरवा. ५ फूट ४ इंचांच्या वर किती जणी आहेत? आपल्या देशात बायकांची सरासरी उंचीच पाच फुटांच्या आसपास आहे. म्हणजे तिकडच्या हिशेबाने आपण जवळजवळ सगळ्याच पेटीट! जो कपडा आपल्यातल्या बहुतेकींना लागतो, त्यालाच दुकानात जागा नाही. आणि आपल्याला सांगतात काय, तर लहान मुलींच्या विभागात जा.

सरकारचंही याकडे लक्ष गेलं आहे. आपली स्वतःची मापं असावीत म्हणून 'निफ्ट' या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने 'इंडियासाइज' नावाची मोजणी हाती घेतली. १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार लोकांची मापं, यंत्राने, अंगाला हात न लावता. त्यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग ही सहा शहरं धरली. चांगलं काम आहे. पण ही सगळी शहरंच. भांगलणीला वाकणाऱ्या, डोक्यावर वैरणीचा भारा घेणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड वेगळे असतात, हे माझ्या टेपला बावीस वर्षांपासून माहीत आहे.

कुणी म्हणेल, बुटकीला कपडा लांब होतो तर खालून कापा, विषय संपला. तसं नाही. कुर्त्याची कंबर जिथं बेतलेली असते ती माझ्या कंबरेच्या खाली येते, आणि घेर जिथं सुटायला हवा तिथं तो आवळतो. मुंढा खोल, त्यामुळे हात वर केला की अख्खा कुर्ता वर. छातीचे टक्स छातीच्या खाली. खालून चार इंच कापले तर यातलं काहीच सुधारत नाही. त्यात दुसरी अडचण अशी, की 'एस'चा 'एक्सएल' करताना बनवणारे रुंदीबरोबर लांबीही वाढवतात. जशी काही बाई रुंद झाली की उंचही होते! म्हणून बुटक्या आणि भरल्या अंगाच्या बाईचे सगळ्यात जास्त हाल.

आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. लांब बाही आणि सुटलेली ओढणी कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात अडकली तर हात जातो, जीवही जातो. पायघोळ सलवार दुचाकीच्या चाकात जाते. पावसाळ्यात नवऱ्याचा रेनकोट घालून भात लावणारी बाई बाहीतून हात शोधत असते. कपडा मापाचा असणं ही कामाची गरज आहे.

मग करायचं काय? माझ्या अनुभवातून सांगते. वही-पेन असेल तर घ्या.

पहिलं, आपलं माप आपल्याकडे हवं. सहा मापं पुरेत. छाती, कंबर, सीट, खांदा, बाही, आणि खांद्यापासून कंबरेपर्यंतची उंची. हे शेवटचं माप बुटक्या बाईसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी घेत नाही. माप साडीच्या पदरावरून घेऊ नका, ब्लाउजवरून घ्या. टेप मागून-पुढून एका रेषेत राहू द्या, ओढू नका. दोन बोटं आत जातील एवढी सैल. स्वतःचं माप स्वतः नीट घेता येत नाही, म्हणून मैत्रिणीकडून घ्या. पोट आत ओढून माप द्यायचं नाही. टेपला फसवलं तर शिलाई उसवते! इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहा. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. ३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर.

दुसरं, घरातला छान बसणारा एक कुर्ता जमिनीवर सपाट पसरा. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. दुकानात गेलात की अक्षर बघू नका, हे माप बघा. पर्समध्ये छोटी टेप ठेवा. लाजायचं कशाला? कणसाचा दाणा दाबून बघतो, तसा कपडा मोजून बघायचा. सुती कुर्ता असेल तर अंगाच्या छातीपेक्षा तीन-चार इंच मोठा घ्या. श्वास घेता आला पाहिजे, हात वर करता आला पाहिजे, खाली बसता आलं पाहिजे. घालून बघताना आरशासमोर नुसतं उभं राहू नका. दळण उचलतो तसे हात वर करून बघा.

तिसरं, खांदा बघून कपडा घ्या. लांबी कमी करणं सोपं, बाजूची शिलाई आत घेणं सोपं. खांदा आणि मुंढा दुरुस्त करणं अवघड आणि महाग. आणि कपडा आतून उलटा करून माया किती सोडली आहे ते बघा. शिलाईच्या आत अर्धा-पाऊण इंच माया असेल तर उद्या अंग भरलं तरी कपडा वाढवता येतो. माया नसलेला कपडा कितीही स्वस्त असला तरी एका बाळंतपणाचाही नसतो.

चौथं, सुती कपडा आधी धुवा, मग कापा. न धुता उंची कमी केली आणि पहिल्या धुण्यात आटला, तर कुणाला सांगणार? कळीची सलवार लांब असेल तर खालून कापू नका, वरच्या पट्ट्याशी कमी करा, म्हणजे मोहरी बिघडत नाही. कुर्त्याला खाली नक्षीचा काठ असेल आणि कंबरेत जोड असेल, तर त्या जोडात उंची कमी करा. काठही वाचतो आणि कंबरही जागेवर येते.

पाचवं, हक्काचं. वजनमापाच्या नियमांत २०२२ मध्ये बदल झाला. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यावर नुसतं 'एस-एम-एल' पुरत नाही, त्यासोबत सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये माप लिहायला हवं. ते शोधा, नसेल तर विचारा. बिल मागा आणि जपून ठेवा. बदलून देतील का, हे पैसे देण्याआधी विचारा. मोबाइलवरून मागवत असाल तर मापाचं कोष्टक उघडा आणि ते अंगाचं आहे की कपड्याचं ते वाचा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आणि सहावं, यात आपल्याला काम आहे. आमच्या गटातल्या दोघी आता बाजाराच्या दिवशी मशीन घेऊन बसतात, फक्त तयार कपडे दुरुस्त करायला. उंची कमी करायची तीस रुपये, खांदा उतरवायचा ऐंशी. रांग लागते. जे दुकानाने चुकीचं बेतलं ते आपल्या बाया नीट करतात आणि चार पैसे घरी नेतात. ज्या गटात दोन मशीन आहेत त्यांनी हा विचार जरूर करावा.

आता माझ्या पुतणीचं सांगते. मी तिला घरी बोलावलं. तिन्ही दुकानांतले तीन कुर्ते तिने हौसेने घेतलेच होते, एक 'एस', एक 'एम', एक डबल 'एक्सएल'. तिघांना जमिनीवर एकावर एक पसरलं आणि टेप तिच्याच हातात दिली. तिने मोजलं. तिन्ही कुर्ते छातीला इंचभराच्या फरकाने सारखेच! ती बघतच राहिली. मग तिने कात्री घेतली आणि तिन्ही चिठ्ठ्या कापून चुलीत टाकल्या. मी म्हटलं, "आता जेवून घे." त्या रात्री तिने दोन भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. दवाखान्यातल्या गोळ्या अजून चालू आहेत. रक्त एका दिवसात भरत नाही. पण कामावर जाते आहे, आणि डबा भरलेला नेते.

जाता जाता एकच काम देते. या आठवड्याच्या बैठकीत हिशेब झाला की टेप काढा आणि एकमेकींची मापं घ्या. गटाच्या वहीत मागच्या पानावर नको, प्रत्येकीने आपल्या स्वतःच्या वहीत लिहा. कुणी कुणाच्या आकड्याला हसायचं नाही. छत्तीस असो नाहीतर शेहेचाळीस, तो आकडा कपड्याला सांगायचा असतो, शेजारणीला नव्हे. घरात वयात आलेली पोरगी असेल तर तिला आधी शिकवा. दुकानातल्या पोराने तिला काही म्हणायच्या आत तिला माहीत असू दे, की कपडा बसला नाही तर कपडा बदलायचा.

आणि पुढच्या वेळी कुणी मला लहान मुलींच्या विभागात पाठवलं, तर मी जाणार नाही. तिथंच उभी राहून विचारणार, आमच्या उंचीचं कधी ठेवता ते सांगा. तुम्हीही विचारा. दहा जणींनी विचारलं तर दुकानदार वहीत लिहून घेतो, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते.

चला, भाकरी करपली नसेल अशी आशा आहे. रामराम.